दहा-दहाचं घड्याळ

(राजुरा इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी पंडित नाही. मॅट्रिक झालो, राजुरा सोडलं, मुंबई बंदरात गोणी उचलायला लागलो. कविता लिहितो ती शिफ्ट सुटल्यावर. आज कविता नाही, घड्याळावर बोलणार आहे.

बहिणीचं लग्न ठरलंय. नवरदेवाला घड्याळ द्यायचं. त्यानं मागितलं असतं तर तो हुंडा, आणि हुंड्याला 1961 च्या कायद्यानं बंदी आहे. त्यानं मागितलं नाही. मांडवातल्या लोकांच्या डोळ्यांसाठी द्यायचंय. पूर्वी एचएमटी दिलं की सगळे खूश असत. 2016 साली सरकारनं ती घड्याळकंपनी बंद करायचं ठरवलं. आता पोरांना स्विस पाहिजे. त्यात माझी कित्येक महिन्यांची मजुरी जाईल. मुंबईत एक जण म्हणाला, "डमी घे ना, चार हजारात."

डमी म्हणजे शोरूमच्या काचेत मांडायचं घड्याळ. वरून डायल, पट्टा, कंपनीचं नाव, सगळं झकास. आत यंत्रच नाही. काटे बहुधा 10 वाजून 10 मिनिटांवर पक्के. जाहिरातीतही तसेच असतात, कारण काटे असे फाकले की कंपनीचं नाव झाकत नाही. नाव दिसलं पाहिजे, वेळ गेली खड्ड्यात!

आईला सांगितलं. ती म्हणाली, "चालत नाही त कायले घेतं रे?"

पण घ्या म्हणणारे मूर्ख नाहीत. ज्यांच्या आजा-पणजाला धड कपडा घालू दिला नाही, त्यांच्या नातवानं मनगट सजवलं तर कुणाच्या बापाचं काय जातं? डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं होतं, लुगडं नेसायची तऱ्हा बदला, जातीची खूण अंगावर ठेवू नका. ते स्वतः सुटात वावरले. मान्य. पण तो सूट घालून ते कोर्टात भांडले, कायदेमंडळात बोलले. हे घड्याळ घालून आपण काय करणार? बाही वर करून उभे राहणार?

आपल्या मनगटावर घड्याळ कशाला असतं ते बघा. भोंगा मालकाचा, हजेरीवही मुकादमाची. 1946 साली बाबासाहेब मजूर खातं सांभाळत असताना कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 वर आला. 1948 च्या कायद्यानं जादा कामाला दुप्पट मजुरी लावली. आणि 2025 साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस 9 तासांवरून 12 वर न्यायला मंजुरी दिली. आठवडा म्हणे 48 चाच! पण हे तास मोजणार कोण?

मागं आमच्या टोळीच्या मुकादमानं एक तास कमी लिहिला. मी माझ्या सातशे रुपयांच्या घड्याळात बघून सुरुवातीची आणि सुटायची वेळ रोज टिपून ठेवली होती. वही पुढं केली. टोळीतल्या सगळ्यांना त्या तासाचे पैसे मिळाले. डमी असतं तर काय दाखवलं असतं, दहा-दहा?

होणारा भावजी सास्तीच्या कोळसा खाणीवर कंत्राटात आहे. त्यालाही तास मोजायचेत. शिवाय डमी चार दिवसांत उघडं पडणार. मग टोमणे ऐकणार कोण? मी मुंबईला. ऐकणार माझी बहीण.

तेव्हा मी डमी घेणार नाही. चार हजारात दोन साधी, चालणारी घड्याळं येतात. मांडवात किंमत विचारली तर किंमत सांगू. एक भावजीला, एक बहिणीला. ती पहाटे चारला उठते, रात्री सगळ्यांच्या मागून निजते. तिचे तास तर कुणाच्याच वहीत नाहीत. आधी तिनं मोजायला लागू दे.