सुप्याहून रामनगरला
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



"तुमचं गाव कोणतं?" असं कुणी विचारलं, की माझे वडील 'सुपा' म्हणायचे, मी 'रामनगर' म्हणतो. दोन्ही उत्तरं खरी. फक्त वडिलांच्या गावाला आता एस.टी. जात नाही.

बेळगावहून पणजीला जाताना लोंढा मागे टाकलं की रामनगर लागतं. तुमच्यापैकी अनेकांनी तिथे चहा घेतला असेल आणि अनमोड घाटाकडे निघाला असाल. जिल्हा उत्तर कन्नड, म्हणजे आपला जुना कारवार, तालुका जोयडा. पूर्वी तालुक्याचं ठाणं सुपा होतं, काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावर. गणेशगुडीला काळीवर 101 मीटर उंचीचं धरण झालं, 1987 साली ते पुरं झालं आणि सुपा पाण्यात गेलं. कचेऱ्या जोयड्याला हलल्या. उठलेल्या पुष्कळ कुटुंबांना रामनगरात जागा मिळाली, त्यांत आम्हीही.

आई सांगायची, सामान बांधताना गणपतीचा पाट आणि माटोळीची चौकट पहिल्यांदा गाडीत चढवली. तुळशीवृंदावन मात्र तिथेच राहिलं. नव्या जागी पहिली चतुर्थी आली, तेव्हा माटोळीला बांधायची रानफळं कुठल्या रानात मिळतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी एका कुणबी आजोबांनी वाट दाखवली. नुकसानभरपाईच्या कागदांसाठी वडिलांनी किती खेटे घातले ते सांगत नाही, आजचा दिवस सणाचा आहे.

हे कुणबी या डोंगरांचे जुने रहिवासी. बोली कोंकणी. परसात कोन, सुरण, कणगी असे कंद लावतात. कोणत्या जातीचा कंद कुठल्या मातीत, कधी काढायचा, हे त्यांच्या बायकांना तोंडपाठ असतं. किल्ल्यादेवळांच्या यादीत हे ज्ञान येत नाही. मला विचाराल, तर तालुक्याची मोठी ठेव तीच.

जवळच कॅसलरॉक. 1961 पर्यंत घाटाखाली पोर्तुगीज अंमल होता, त्यामुळे तिथे गाडी थांबवून कस्टमवाले ट्रंका उघडायला लावत. भोवतीचं बरंचसं जंगल आता काळी व्याघ्र प्रकल्पात आहे.

एक विनंती. आमच्या घरी सुप्याचा एकही फोटो नाही. तुमच्यापैकी कुणाच्या जुन्या अल्बममध्ये तिथली पेठ, शाळा, एखादी वरात, काहीही असेल, तर कार्यक्रमानंतर मला भेटा. प्रत काढून मूळ फोटो दुसऱ्याच दिवशी परत करीन.