पाण्याची गाडी आणि लातूरकरांची एकी

(लक्ष्मीबाई नगर, दिल्ली येथे मराठी रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



या लक्ष्मीबाई नगरात आणि शेजारच्या सरकारी वसाहतींत राहणारे आपण सारे बदलीची माणसे. कोणी भुसावळचे, कोणी सोलापूरचे, कोणी नागपूरचे. क्वार्टर सरकारचे, निवृत्त झालो की चावी परत. त्यामुळे नळ गळो की झाड पडो, "आपल्याला काय करायचे?" असे म्हणून आपण दार लावून घेतो. ही वृत्ती सोडा, एवढेच सांगायला आम्ही उभे आहोत. दाखला देतो तो आपल्याच मुलखातला आणि आपल्याच रेल्वेशी निगडित, लातूरचा.

2016 चा उन्हाळा आठवा. लातूर म्हणजे डाळीची मोठी बाजारपेठ, शिक्षणाच्या 'लातूर पॅटर्न'चे गाव. 2011 च्या जनगणनेत वस्ती पावणेचार लाखांवर. पण धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये 144 कलम लावावे लागले! बाहेरगावची मुले घरी परतू लागली. शहर उठून जाते की काय, अशी वेळ आली.

तेव्हा रेल्वे धावून गेली. कोटा वर्कशॉपमध्ये टाकीच्या वाघिणी वाफेने धुऊन काढल्या. मिरजेला कृष्णेचे पाणी भरून 11 एप्रिलला पहिली गाडी सुटली आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी असे सुमारे 340 किलोमीटर जाऊन 12 तारखेला पहाटे लातूरला लागली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींचा रेक लागला, म्हणजे खेपेला पंचवीस लाख लिटर. ऑगस्टपर्यंत शंभरावर फेऱ्या झाल्या. जुनी बार्शी लाईटची नॅरोगेज ब्रॉडगेज झाली नसती तर हा रेक तिथे पोचलाच नसता. यार्डात पाणी भरणारे, वाघिणी तपासणारे, पॉइंट्समन, गँगमन, ड्रायव्हर, गार्ड, सर्वांचे हात या कामाला लागले. त्यांचा आम्हाला अभिमान आहे.

पण मित्रांनो, गाडीच्या पाण्याने शहर तगते, उभे राहत नाही. हे लातूरकरांनी ओळखले. 'जलयुक्त लातूर' या नावाने नागरिक एकत्र आले आणि एप्रिलमध्येच मांजरा नदीतला गाळ काढायला लागले. साई ते नागझरी, सुमारे अठरा किलोमीटर पात्र. कोट्यवधी रुपयांची लोकवर्गणी जमली. निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे राहणारे या कामाला एकत्र आले. त्या वर्षी परतीचा पाऊस जोरदार झाला, धरण भरले आणि मोकळ्या केलेल्या पात्रात पाणी साठले.

इथेच गोष्ट संपली असती तर भाषण सोपे झाले असते. तसे झाले नाही. 2019 मध्ये धरण पुन्हा आटले आणि लातूरला दहा-दहा दिवसांनी पाणी येऊ लागले. गाळ एकदा काढून भागत नाही. गळक्या वाहिन्या, उसाला जाणारे पाणी, वाटपाचे नियोजन, हे प्रश्न वर्गणीने सुटत नाहीत. ते सरकारचे आणि पालिकेचे काम आहे आणि ते त्यांच्याकडून करून घ्यावे लागते. लोकांनी फावडे उचलले म्हणून सरकारने हात झटकायचे, हे आम्हाला मान्य नाही. संघटनेचा धडा हाच: एका हाती फावडे, दुसऱ्या हाती मागणीचा अर्ज. दोन्हीही वर्षानुवर्षे.

आता आपल्या दारात पाहा. जून 2018 मध्ये शेजारच्या सरोजिनी नगरात, नव्या बांधकामासाठी झाडे तोडायची म्हटल्यावर रहिवासी झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. उच्च न्यायालयाने तोड थांबवायला लावली. 2024 च्या उन्हाळ्यात चाणक्यपुरीच्या संजय कॅम्पात टँकरमागे धावणारी माणसे सर्वांनी पाहिली. लातूर फार लांब नाही, बंधूंनो!

म्हणून आमची विनंती आहे. प्रत्येक ब्लॉकमध्ये चार-पाच जणांची समिती करा. तीत भगिनी हव्यातच, कारण पाणी कधी आले नि कधी गेले हे त्यांना आधी कळते. गळणारे नळ, वाहणाऱ्या टाक्या, बुजलेली गटारे यांची यादी करा. हाताने होईल ते रविवारी करा. उरलेले लेखी, सर्वांच्या सह्यांनी, संबंधित कार्यालयाला द्या आणि पोच घ्या. पोस्टमन बंधूंना गल्लीन् गल्ली ठाऊक असते, गँगमनला रुळाचा एक सैल बोल्टही दिसतो. ही नजर ड्युटी संपली म्हणून घरी ठेवू नका. आणि सफाई कामगार, माळी, शेजारच्या झोपडीतला माणूस यांना वगळून समिती करू नका. तेही याच शहराचे रहिवासी आहेत.

आपण बदलून जाऊ. आपल्यामागून येणाऱ्या कुटुंबाला नळाला पाणी आणि दाराशी सावली मिळाली पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!