विस्थापनाचा साक्षीदार



हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानातील इमारती उभ्या करण्यात बिहार, झारखंड, ओडिशा आणि मराठवाड्यातून आलेल्या मजुरांचा मोठा वाटा आहे. हा मजूर बांधकामालगतच्या पत्र्याच्या खोल्यांत राहतो. त्याच्या हजेरीचा हिशोब मुकादमाच्या वहीत असतो. गाव सुटल्याने मनावर पडणाऱ्या घावाचा हिशोब मात्र कोणत्याच वहीत नसतो.

एके काळी कायद्याने हा हिशोब मांडू पाहिला होता. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात विस्थापन भत्त्याची तरतूद होती : मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम किंवा ७५ रुपये, यांपैकी जी अधिक असेल ती, आणि तीही मजुरीव्यतिरिक्त. रक्कम अल्प होती. तथापि घर सुटणे ही हानी आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेत प्रवासभत्ता आहे, विस्थापन भत्ता नाही. तरतूद गेली म्हणून हानी संपत नाही. तिचा भार तेवढा एकट्या मजुरावर पडतो.

टाळेबंदीत ही हानी साऱ्या देशाने पाहिली. ३१ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवारा केंद्रांतील स्थलांतरितांची भीती समजून घ्यावी आणि प्रशिक्षित समुपदेशकांनी तेथे जावे, असे सांगितले. परंतु असे समुपदेशक आयत्या वेळी निर्माण होत नसतात.

अमेरिकेत लॅटिन अमेरिकेतून आलेल्या आश्रयार्थींच्या खटल्यांत मानसशास्त्रज्ञाचा अहवाल पुरावा म्हणून मांडला जातो. छळाची नोंद कशी करावी, हे सांगणारी इस्तंबूल नियमावली १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाला सादर झाली व २०२२ मध्ये सुधारली गेली. हिंजवडीचा मजूर देशाची सीमा ओलांडत नाही, तो नागरिकच आहे. म्हणूनच त्याच्या भयाची चौकशी कोणतेही न्यायालय आपणहून करीत नाही. व्यावसायिक रोगांच्या कायदेशीर यादीत शिशाची विषबाधा आहे, गोंगाटाने येणारे बहिरेपण आहे, मनोविकार नाही. परातीवरून पडलेल्या सोबत्याचा मृत्यू डोळ्यांदेखत पाहून ज्याची झोप उडाली, त्याने ते सिद्ध कसे करावे?

येथेच प्रशिक्षणाचा प्रश्न उभा राहतो. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला मजुरांच्या वस्तीतील काम सक्तीचे असावे. त्याला भोजपुरी, ओडिया बोलणारा दुभाषी मिळावा. तो दुभाषी मुकादमाचा माणूस नसावा. नुकसानभरपाईचा व २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचा परिचय त्याला असावा. अहवालात सत्याच्या पलीकडे एक शब्दही नसावा, कारण अतिशयोक्तीने उद्याच्या खऱ्या दाव्याचाही विश्वास उडतो.

काही कार्यकर्ते म्हणतील, प्रश्न मनाचा नाही, मजुरीचा आहे. हा आक्षेप रास्त आहे. थकलेल्या मजुरीवर समुपदेशन हा उपाय नव्हे, आणि दारिद्र्याला आजार ठरविणे हा तर अन्यायच. परंतु मजुराला शांत करणारा मानसशास्त्रज्ञ वेगळा आणि त्याच्या अस्वस्थतेचे कारण लेखी नोंदवणारा वेगळा. पहिला मालकाच्या सोयीचा असतो, दुसरा न्यायाच्या.

बांधकाम खर्चावरील उपकरातून चालणारे कामगार कल्याणकारी मंडळ राज्यात आहे. त्या निधीतून विद्यापीठांत असे प्रशिक्षण सुरू करावे, ही मागणी कामगार संघटनांनी मजुरीच्या मागणीबरोबरच मांडली पाहिजे. विस्थापनाची किंमत कायद्यातून पुसली गेली आहे. ती पुन्हा लिहिली जायची तर आधी तिचा साक्षीदार तयार करावा लागेल.