तपासणीचं वेळापत्रक उसाच्या हंगामाला विचारून ठरवा



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, समाजकार्याचं शिक्षण माझ्याकडे नाही. पण मोठं काम नेमकं कुठे अडतं हे शोधणं हा आमचा रोजचा धंदा. म्हणून आज बालगृहांवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेबद्दल बोलणार आहे.

पोरकेपण म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे उमरगा-लोहारा पट्ट्यात भूकंपाने काय केलं ते आपण जाणतो. त्या मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाच्या पन्नालाल सुराणा आणि सहकाऱ्यांनी नळदुर्गला ‘आपलं घर’ उभं केलं. संकटात माणसं अशी धावून येतात. मात्र कुठलंही घर उभं करणं वेगळं आणि तिथलं मूल सुरक्षित आहे ना, हे वर्षानुवर्षं पाहत राहणं वेगळं. या दुसऱ्या कामाचं उद्घाटन होत नाही, फोटोही छापून येत नाही.

ते काम कायद्याने नेमून दिलेलं आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार जिल्हा तपासणी समितीने दर तीन महिन्यांनी किमान एकदा प्रत्येक संस्थेत जायचं. किमान तीन सदस्य, त्यात एक महिला आणि एक डॉक्टर. आठवड्यात अहवाल, महिन्याभरात कार्यवाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर या सगळ्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आली. वाचायला छान आहे. माझा प्रश्न एवढाच की ‘महिन्याभरात कार्यवाही’ झाली हे कोण मोजतं? आमच्याकडे तक्रार नोंदली की तिला क्रमांक मिळतो, ती कुणाच्या तरी नावावर चढते आणि दुरुस्ती तपासल्याशिवाय बंद होत नाही. गळकं संडास, रात्री काळजीवाहक नसणं, मुलीच्या तब्येतीची तक्रार, यांनाही तसाच क्रमांक हवा. त्यासाठी महागडं ॲप लागत नाही. एक साधा तक्ता पुरतो, फक्त तो दर सोमवारी कुणीतरी उघडला पाहिजे.

दरवर्षी मिशन वात्सल्यचे खर्चाचे प्रस्ताव तयार होतात. पगार, भाडं, मुलांमागचा खर्च. ते लागतंच. पण खर्चाचा अंदाज म्हणजे नियोजन नव्हे. धोका कुठे आणि केव्हा वाढतो, हे आधी मांडणं म्हणजे नियोजन.

आपल्याकडे तो केव्हा वाढतो? दिवाळीच्या सुमारास. कळंब, वाशी, भूम, परंडा भागातून टोळ्या उसाला निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. काही मुलं आईबापाबरोबर फडावर जातात, काही आजीकडे राहतात, काही वसतिगृहात. आता गंमत बघा. हंगामी वसतिगृह शिक्षण विभागाचं, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा वसतिगृह योजना सामाजिक न्याय विभागाची आणि बालगृह महिला व बालविकासचं. मूल एकच, फायली तीन. तिमाही तपासणी जानेवारी-एप्रिल-जुलै असं कॅलेंडर बघून लावली, तर नव्या ठिकाणी आलेल्या मुलाचे पहिले दोन महिने निघून जातात. माझ्या मते पहिली फेरी टोळ्या निघाल्यावर पंधरा दिवसांच्या आत व्हावी. आणि तिन्ही विभागांनी नोव्हेंबरात एका टेबलावर बसून यादी जुळवावी.

आता थोडं आपल्या घरातलं. यतीमखान्याची नोंदणी म्हणजे सरकारी ढवळाढवळ, असं आपल्यातले अनेक जण म्हणतात. काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी बंधनकारक आहे, अनुदान घेत असो वा नसो, धर्म कुठलाही असो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यासाठी ३१ डिसेंबरची मुदतही घालून दिली होती. नोंदणी नसेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. पण मला दंडापेक्षा दुसरी गोष्ट टोचते. आपण जकातीचे पैसे देताना पावती मागतो, नोंदणी क्रमांक विचारत नाही. ज्या संस्थेत तपासनीस जातच नाही, तिथलं मूल तक्रार कुणाकडे करणार?

म्हणून सध्या एकच काम धरू. गेल्या चार तिमाहींत किती संस्थांच्या तपासण्या झाल्या, किती त्रुटी निघाल्या, किती दुरुस्त झाल्या, एवढीच माहिती अधिकाराखाली मागू. मुलांची नावं नकोत. मसुदा मी तयार केलाय, मराठीत आणि उर्दूत. तुळजापूर आणि उमरग्याची माणसं ठरली आहेत. लोहारा आणि वाशीसाठी अजून दोघं हवेत, चहाच्या वेळी नाव द्या.