फ्रँकफुर्टला गाडी बदलायची आहे

प्रवासाला जाऊन आलेली माणसं प्रवासाबद्दल बोलतात. मी आज न केलेल्या प्रवासाबद्दल बोलणार आहे. येत्या सप्टेंबरात जर्मनीतल्या हायडेलबर्गहून वायमारला आगगाडीनं जायचा आमचा बेत आहे. प्रवास साधारण चार तासांचा. पण हे चार तास ठरवायला आम्हाला चार महिने लागले.

हायडेलबर्गला माझी लेक राहते. प्रयोगशाळेत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी तिनं कळवलं की आता इथंच राहायचं ठरवलंय. मी फोनवर एक वाक्य बोलून गेलो. ते वाक्य इथं सांगत नाही. त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे तिच्या अम्मीच्या हातून फोन घ्यायचा, ‘ठीक आहेस ना’ म्हणायचं आणि फोन परत द्यायचा. यंदा अम्मीनं लेकीकडे जायचं ठरवलं. मी बरोबर ओघानंच आलो. तेव्हा लेकीनं विचारलं, “अब्बा, तुम्हाला इकडं काय बघायचंय?” मी म्हटलं, “दोन खुर्च्या.”

या खुर्च्या वायमारमध्ये आहेत. एकाच मोठ्या शिळेतून कापलेल्या, दगडी, समोरासमोर मांडलेल्या. एक पूर्वेकडे, एक पश्चिमेकडे. एक शिराझच्या हाफिजची, दुसरी गटेची. २००० सालच्या जुलैत इराणचे अध्यक्ष खातमी आणि जर्मनीचे अध्यक्ष योहान्नेस राऊ यांनी त्यांचं उद्‌घाटन केलं. त्याचा फोटो मी वर्तमानपत्रातून कापून कवितेच्या वहीत चिकटवला होता. वही जुनी झाली, डिंक पिवळा पडला, फोटो आहे.

गटे म्हटलं की आपल्याकडे शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचणारा गटे आठवतो. नाचला की नाही कोण जाणे; पण १७९१ साली त्यानं शाकुंतलावर चार ओळी लिहिल्या हे खरं. हाफिज त्याला फार उशिरा भेटला. १८१४ साली, पासष्टीच्या उंबरठ्यावर, तोही जर्मन भाषांतरातून. त्यातून त्याचा ‘दिवाण’ झाला आणि १८१९ साली छापून आला. मला हे फार जवळचं वाटतं. माझं नाव ऐकून लोक गृहीत धरतात की मला फार्सी येत असेल. मला फार्सीचं अक्षर लागत नाही. मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. गझल माझ्याकडे आली ती माधव जूलियनांकडून. ते फार्सीचे प्राध्यापक, त्यांनी फार्शी-मराठी कोश केला. म्हणजे पटवर्धन आडनावाच्या गृहस्थांनी माझी हाफिजशी ओळख करून दिली! गटेलाही मध्ये कुणीतरी लागलंच होतं, हा मला मोठा दिलासा आहे.

असो. आता गाडीकडे वळतो.

लेकीनं पहिल्याच रविवारी बेत पाठवला. हायडेलबर्ग ते फ्रँकफुर्ट, तिथं गाडी बदलायची. फ्रँकफुर्ट ते एर्फुर्ट, तिथं पुन्हा बदलायची. मग पाव तासात वायमार. पूर्वी वेगवान गाड्या वायमारला थांबत. २०१५ साली एर्फुर्टहून लाइपझिगकडे नवा वेगवान मार्ग झाला आणि बऱ्याच गाड्या वायमारला वळसा घालून जाऊ लागल्या. बायपास झालेल्या गावाचं काय होतं, ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. बेत छान होता. फक्त फ्रँकफुर्टला गाडी बदलायला नऊ मिनिटं ठेवली होती.

मी मिरजेचा. माझे वडील मिरज जंक्शनच्या पार्सल ऑफिसात होते. माझ्या लहानपणी मिरजेला तिन्ही रूळ होते. पुणे-कोल्हापूरची मोठी लाइन, बेळगाव-हुबळीकडची मीटरगेज आणि पंढरपूरकडची छोटी. एका लाइनीचा डबा दुसरीवर चालायचा नाही, म्हणजे प्रत्येकाला उतरावंच लागायचं. आषाढीला वारकरी मोठ्या गाडीतून उतरून छोटीकडे धावत. कुणाची वळकटी राहायची, कुणाची म्हातारी राहायची. वडिलांनी त्यातून एक हिशेब बसवला होता, हातात तास असल्याशिवाय कनेक्शन धरू नये. घरच्या लग्नाला जातानाही ते एक गाडी आधीची धरत आणि जंक्शनवर बसून सगळ्यांना चहा पाजत.

नऊ मिनिटं ऐकून मी म्हटलं, “तुझे दादा कबरीत उठून बसतील.” लेक म्हणाली, “अब्बा, कायकू इत्ती फिकर करते? हे जर्मनी आहे.” पण जर्मनीची ती कीर्तीही आता पूर्वीची राहिलेली नाही. २०२४ साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत. हा आकडा मी तिला ऐकवला. दोन वर्षांत आमच्यात झालेलं ते पहिलं लांबलचक भांडण. तिची अम्मी शेजारी बसून शेंगा सोलत होती, एकदाही मध्ये पडली नाही.

पुढच्या रविवारी लेकीनं कायदा काढला. स्वस्त तिकीट ठरलेल्याच गाडीला बांधलेलं असतं, हे माझं म्हणणं खरं. पण उशिरामुळे मुक्कामी पोहोचायला वीस मिनिटांहून जास्त वेळ लागणार असेल, तर ते बंधन सुटतं आणि पुढच्या गाडीनं जाता येतं. तासभर उशीर झाला तर पाव भाडं परत, दोन तासांना निम्मं. अट एवढीच की सगळा प्रवास एका सलग तिकिटावर हवा. स्वस्त पडतात म्हणून तुकड्यातुकड्यानं तिकिटं काढली तर हा हक्क राहीलच असं नाही. कुणी तिकडं जाणार असाल तर हे ध्यानात ठेवा. आणि बसायची जागा तिकिटात धरलेली नसते, ती वेगळी राखावी लागते. आपल्याकडे रिझर्व्हेशनशिवाय लांबची गाडी धरायची कल्पनाच करवत नाही, तिकडं लोक उभ्यानं जातात.

प्रश्न मग पैशांचा राहिला नाही, गुडघ्यांचा राहिला. बायकोचे गुडघे जिना म्हटलं की बोलू लागतात. इथं मात्र फ्रँकफुर्टनं आमची सोय केली. ते आपल्या मुंबईच्या सीएसएमटीसारखं शेवटचं टोक असलेलं स्टेशन आहे. रूळ येऊन संपतात. चोवीस फलाटांपैकी कुठूनही कुठंही जा, सपाट चालायचं, पूल नाही की भुयार नाही. एर्फुर्टला फलाट वर आहेत, पण लिफ्ट आहे. हे सगळं लेकीनं स्वतः जाऊन पाहून आल्यावर सांगितलं. एका शनिवारी ती फ्रँकफुर्टला गेली, एका फलाटावरून दुसऱ्यावर अम्मीच्या चालीनं चालली आणि घड्याळ लावून मिनिटं मोजली. चौदा भरली. मी फोनवर काही बोललो नाही. मला वडिलांचा चहा आठवला.

मीही तिला काही दिलं. हायडेलबर्गमध्ये नेकार नदीच्या काठाला इकबालचं नाव आहे, ते तिला ठाऊक होतं. १९०७ साली तो तिथं जर्मन शिकत होता, आणि पुढं १९२३ साली त्यानं गटेच्या ‘दिवाण’ला फार्सीतून उत्तर दिलं. पण ती ज्या रुळांवरून फ्रँकफुर्टला जाते, त्या वाटेची गोष्ट तिला ठाऊक नव्हती. १८१५ च्या सप्टेंबरात मारियाना फॉन विलेमर ही फ्रँकफुर्टची बाई गटेला भेटायला घोडागाडीतून हायडेलबर्गला गेली. जाताना तिनं पूर्वेच्या वाऱ्यावर कविता केली, परतताना पश्चिमेच्या. दोन्ही गटेच्या ‘दिवाण’मध्ये त्याच्या म्हणून छापल्या गेल्या. १८६० साली ती वारली, आणि त्या तिच्या आहेत हे जगाला कळलं १८६९ साली. त्यानंतर गटे आणि ती भेटले नाहीत. गटे आगगाडीत कधी बसलाच नाही. तो १८३२ साली गेला, आणि न्यूर्नबर्ग-फ्युर्थ ही जर्मनीतली पहिली गाडी धावली १८३५ साली.

लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे कविता तिच्या आणि नाव त्याचं?” मी म्हटलं, “हो.” ती म्हणाली, “खुर्ची तिलाही हवी होती.” मला हे पंचवीस वर्षांत सुचलं नव्हतं.

आता बेत पक्का झाला आहे. गाडी बदलायला किमान किती मिनिटं हवीत हे तिकडच्या अ‍ॅपमध्ये आधीच भरता येतं. आम्ही भरली, आणि फ्रँकफुर्टला सत्तेचाळीस मिनिटांचं कनेक्शन मिळालं. वडिलांच्या तासाला तेरा कमी, लेकीच्या नवाला अडतीस जास्त. फुल्डा, आयझेनाख, गोथा ही स्टेशनं वाटेत लागतील. आयझेनाखला डोंगरावर वार्टबुर्ग किल्ला दिसतो, जिथं लपून राहून मार्टिन ल्यूथरनं बायबलच्या नव्या कराराचं जर्मन केलं. उजवीकडे बसायचं की डावीकडे, हा वाद अजून चालू आहे.

गेल्या रविवारी लेकीनं तिकिटं पाठवली. पाहतो तर तीन. रजा टाकलीय, म्हणाली. तिची अम्मी चष्मा लावून तिकीट न्याहाळत होती. म्हणाली, “खुर्च्या दोन, आपण तिघं. मी बसणार, सांगून ठेवते.”