माळावरचा कुलगुरू

(धारूर येथें, ऊसतोडीस निघण्यापूर्वीं, शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण.)



दसरा झाला. ज्यांनीं मुकादमाची उचल घेतली त्यांच्या घरीं गांठोडीं बांधण्याची घाई चालली असेल. बालाघाटाच्या या डोंगरांतून आपल्या टोळ्या आतां सांगली-कोल्हापूरच्या फडांत उतरतील. त्याच कोल्हापुरांत होऊन गेलेल्या एका कुलगुरूची हकीकत आज सांगावयाची आहे. कुलगुरू म्हणजे विद्यापीठाचा मुख्य कारभारी. त्याचा आमच्या कोयत्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे, तो शेवटीं सांगतों.

डॉ. आप्पासाहेब पवार यांचा जन्म १९०६ सालचा. ते इतिहासाचे जाणते पंडित. ताराराणीच्या काळचे कागद त्यांनीं संपादून छापले. राजाराम कॉलेजाचे ते प्राचार्य होते. १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं राष्ट्रपति राधाकृष्णन् यांच्या हस्तें शिवाजी विद्यापीठाचें उद्घाटन झालें, आणि पवार त्याचे पहिले कुलगुरू झाले. जागा कोणती, तर सागरमाळ! आठशेंहून अधिक एकर उजाड, खडकाळ रान. तेथें त्यांनीं इमारती तर उठविल्याच; पण पाणी अडविणें आणि झाडें जगविणें हेंही विद्यापीठाचेंच काम मानलें. माळरान कसें असतें हें धारूरकरांस सांगावयास नको. तें हिरवें करण्यास काय पडतें, हेंही तुम्ही जाणतां.

विद्वान दोन तऱ्हेचे असतात. एकाला चार बुकें शिकल्यावर मातीची लाज वाटते. दुसरा विद्या मिळवून पुन्हां मातीकडे वळतो. पवार दुसऱ्या तऱ्हेचे. म्हणून त्यांनीं गरिबांच्या मुलांसाठीं ‘कमवा व शिका’ ही योजना विद्यापीठांत चालविली. मुलानें कांहीं तास काम करावें, त्यावर आपला खर्च भागवावा, आणि उरल्या वेळांत अभ्यास करावा. ही वाट कर्मवीर भाऊराव पाटलांनीं आधींच घालून दिली होती. पवारांनीं ती विद्यापीठाच्या दारापर्यंत नेली. आजही तेथील विद्यार्थी भवनास त्यांचें नांव आहे. १९८१ सालीं ते वारले.

आतां संबंध सांगतों. कोणी म्हणेल, “आमचीं पोरेंही कामच करतात कीं!” बाबांनो, नीट पाहा. तेथें काम विद्येला पोसतें. फडांत काम विद्येला खातें. बारा वर्षांची पोर कोपींत धाकट्याला घेऊन बसते, पोरगा मोळ्या वाहतो, आणि पांच-सहा महिन्यांनीं परत येतात तों वर्गांत त्यांचा धडा निघून गेलेला असतो. विद्यापीठ फडापासून हांकेवर असतें. पण पोराला तें दुरूनही दिसत नाहीं.

कोयता आज सुटत नाहीं, हें मला ठाऊक आहे. उचल फेडावी लागते. पण तो पुढच्या पिढीच्या हातीं देऊं नका. हंगामी वसतिगृहाची चौकशी करा, आजीजवळ ठेवा, भावकींत ठेवा. पण पोरांना शाळेच्या गांवीं ठेवून जा. मुलीला तर आधीं ठेवा. आणि ज्यांचीं घरें येथेंच राहणार, त्या सुतार-लोहार-चांभार बंधूंनीं शेजारच्या एका तरी पोराला आपल्या ताटांत जेवूं घालावें.

खडकावर झाड जगतें. पाणी मात्र कोणीतरी घालावें लागतें.