खाट केव्हा रिकामी होते?
रुग्णालयात खाटा अपुऱ्या पडल्या की नव्या इमारतीची मागणी करणे हा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे. परंतु १९६१ साली जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने सिद्ध केलेला नियम रुग्णालयास लावला, तर रोज येणारे रुग्ण आणि त्यांचा सरासरी मुक्काम यांच्या गुणाकाराइतक्या खाटा सरासरी व्यापलेल्या असतात, असे दिसते. रोज ३० रुग्ण येऊन सरासरी ५ दिवस राहिले तर १५० खाटा भरतात. मुक्काम ४ दिवसांवर आला तर १२० खाटांत भागते. अर्थात पुरता बरा न झालेल्या रुग्णास घाईने घरी धाडणे ही सुधारणा नव्हे, तो निव्वळ अन्याय होय. वाया जाणारा काळ निराळाच : सकाळच्या राउंडला घरी जाण्याची परवानगी मिळालेला रुग्ण कपडे बदलून दुपारपर्यंत खाटेवरच बसून राहतो, कारण डिस्चार्ज कार्ड लिहिणारा निवासी डॉक्टर शस्त्रक्रियागृहात गुंतलेला असतो, बिलाची रुजवात कारकुनाच्या मेजावर पडून असते, आणि तिकडे अपघात विभागात नवा रुग्ण स्ट्रेचरवर तिष्ठत असतो. हे कार्ड आदल्या संध्याकाळीच लिहून ठेवण्याची तजवीज करता येते. चादर बदलताच सिस्टरांनी खाट मोकळी झाल्याची वर्दी अपघात विभागास द्यावी, एवढेच मग उरते.